लेझरला कसलं आलंय कॅलिब्रेशन?

शीर्षकातलं वाक्य माझं नाही. ते मी ऐकलेलं आहे, आणि एकदा नाही, गेल्या काही वर्षांत निदान वीसेक वेळा. वालीवच्या औद्योगिक वसाहतीत चहाच्या टपरीवर, गोखिवऱ्याला एका गाळ्यात, आणि आता तर विरारला एका सोसायटीच्या मीटिंगमध्येही. दर वेळी बोलणारा माणूस वेगळा असतो, पण चेहऱ्यावरचे भाव तेच. जणू मी समुद्राला पाणी किती खारट आहे याचं सर्टिफिकेट मागतोय!

तर मंडळी, आज जरा भांडणाच्या मूडमध्ये आहे. विषय थोडा तांत्रिक आहे, पण नातेवाईक मंडळींनी इथूनच पळ काढू नये. (ताई, तू तर अजिबात नाही. पुढे तुझ्या बिल्डिंगचा विषय आहे.) पुस्तकी मराठीत कॅलिब्रेशनला अंशशोधन म्हणतात. पण वालीवमध्ये अंशशोधन करून द्या म्हटलंत तर लोक तुम्हाला पॅथॉलॉजी लॅबचा पत्ता देतील. म्हणून आपण कॅलिब्रेशनच म्हणू.

आधी यंत्राबद्दल थोडंसं. खेळण्यातला लेझर पॉइंटर भिंतीवर मारून बघा. लाल ठिपक्याच्या आत बारीक बारीक मिरमिर दिसते, रव्यासारखी. डोकं हलवलं की ती मिरमिरही हलते. भिंत आपल्याला गुळगुळीत वाटली तरी प्रकाशाच्या लहरीच्या मानाने ती डोंगरदऱ्यांनी भरलेली असते. तिथून उसळलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात, कुठे भर पडते, कुठे वजाबाकी होते. शाळेत व्यतिकरण शिकलो होतो ना, तेच हे. या मिरमिरीला स्पेकल म्हणतात. १९६० साली मैमनने पहिला लेझर चालवून दाखवला, आणि त्यानंतर बरीच वर्षं स्पेकल ही सगळ्यांना कटकट वाटायची. चित्र खराब करते म्हणून.

मग १९७० च्या सुमारास इंग्लंडमध्ये लफबरोला लीन्डर्ट्झ आणि बटर्स यांनी ही कटकट कामाला लावली. कल्पना साधी आहे. वस्तूवर लेझर टाका, शेजारी संदर्भ म्हणून दुसरा किरण ठेवा, कॅमेऱ्याने मिरमिरीचा फोटो घ्या. मग वस्तूवर भार द्या आणि पुन्हा फोटो घ्या. एका फोटोतून दुसरा वजा करा. पडद्यावर झेब्र्यासारखे काळे-पांढरे पट्टे उमटतात. प्रकाश समोरून टाकला आणि समोरूनच बघितलं, तर प्रत्येक पट्टा म्हणजे पृष्ठभाग अर्ध्या लहरीइतका पुढे किंवा मागे सरकला. हेलियम-निऑन लेझरची लहर ६३२.८ नॅनोमीटरची, म्हणजे एक पट्टा साधारण ०.३१६ मायक्रॉनचा. आपला केस ७० मायक्रॉनचा धरला तर एका केसाच्या जाडीत २२० पट्टे बसतात! हात न लावता, रंग न फासता, अख्ख्या पृष्ठभागाचं विरूपण एका चित्रात. आपल्याकडे आयआयटी मद्रासला प्राध्यापक सिरोही आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी यात अनेक वर्षं काम केलं. १९९३ साली त्यांनी संपादित केलेलं स्पेकल मापनावरचं पुस्तक जगभर वापरलं गेलं.

मला हे तंत्र मनापासून आवडतं, हे आधीच सांगून टाकतो. ते पट्टे उमटताना बघणं हा एक वेगळाच आनंद आहे. आणि म्हणूनच राग जास्त येतो.

आता विरोधी पक्षाची बाजू. ती मूर्खपणाची नाही, म्हणून नीट मांडतो. ते म्हणतात, बाकीची यंत्रं झिजतात. व्हर्निअरचे जबडे झिजतात, डायल गेजची स्प्रिंग सैल होते, म्हणून त्यांना कॅलिब्रेशन लागतं. लेझरमध्ये मोजपट्टी म्हणजे प्रकाशाची लहर. ती निसर्गाने दिलेली. अहो, १९८३ पासून मीटरची व्याख्याच प्रकाशाच्या वेगावरून करतात! प्रकाश एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जितका जातो तो एक मीटर. मग ज्यावरून मीटर ठरतो त्यालाच तुम्ही मीटर लावणार?

ऐकायला फर्मास आहे. आणि लहरीपुरतं खरंही आहे. हवेचं तापमान एका अंशाने बदललं तर लहरीच्या लांबीत फरक पडतो तो साधारण दहा लाखांत एक भाग. आपल्या गाळ्यातल्या कामाला तो शून्यच समजा.

पण साहेब, तुम्ही रिपोर्टमध्ये लहर कुठे लिहिता? तुम्ही लिहिता ‘विरूपण अमुक मायक्रॉन’, ‘विकृती तमुक’. लहरीपासून त्या आकड्यापर्यंत पोचायला मध्ये चार-पाच पायऱ्या आहेत, आणि त्यातली एकही निसर्गाने दिलेली नाही. त्या तुम्ही, मी आणि परवा कामाला लागलेल्या पोराने मिळून टेबलावर स्क्रूने घट्ट केलेल्या आहेत.

पहिली पायरी कोनाची. पृष्ठभाग आडवा किती ताणला गेला हे बघायचं तर डावीकडून आणि उजवीकडून दोन किरण सारख्या कोनात टाकावे लागतात. एका पट्ट्याची किंमत म्हणजे लहरीची लांबी भागिले कोनाच्या साइनची दुप्पट. ४५ अंशाला ती येते ४४७ नॅनोमीटर. दोन्ही आरसे लावताना तुमचा कोन एका अंशाने चुकला तर आकडा पावणेदोन टक्क्यांनी चुकतो. ३० अंशाची मांडणी असेल तर तीन टक्क्यांनी. एक अंश म्हणजे किती हो? शाळेतला कोनमापक आठवा. त्यावरच्या दोन शेजारच्या रेघा. एवढा फरक आरसा पुसतानाही पडतो.

दुसरं दुखणं याहून छुपं आहे. बहुतेक मांडण्यांत लेझरचा किरण भिंगातून पसरवलेला असतो, समांतर नसतो. भिंग ६० सेंटिमीटरवर आणि तुकडा १० सेंटिमीटर रुंद असेल, तर मध्यावर ४५ असलेला कोन एका कडेला ४१ आणि दुसऱ्या कडेला ४८ होतो. आडव्या मापात दोन किरण मिळून ही चूक बरीचशी सांभाळून घेतात, अर्धा टक्का उरते. पण कडांना समोरच्या दिशेची हालचालही मापात घुसते, साधारण सहा टक्के. म्हणजे पत्रा जर ताणताना १० मायक्रॉन फुगला, तर कडेला ०.६ मायक्रॉनचा ताण फुकटचा दिसतो. एका पट्ट्याहून जास्त! तो ताण पत्र्यात नाही. तो तुमच्या भिंगात आहे.

तिसरी पायरी दिशेची. नुसत्या पट्ट्यांवरून पृष्ठभाग पुढे आला की मागे गेला हे कळत नाही. खड्डा आणि टेंगूळ यांचे पट्टे सारखेच. म्हणून एका आरशाला पायझोचा तुकडा लावतात आणि व्होल्टेज देऊन तो आरसा पाव पाव पट्ट्याने सरकवत चार फोटो घेतात. त्यावरून दिशाही कळते आणि पट्ट्याचे बारीक भागही मोजता येतात. छान! पण पायझो किती व्होल्टला किती सरकतो हे कोणी बघितलं? तो चढताना एका वाटेने चढतो आणि उतरताना दुसऱ्या वाटेने उतरतो. पाव पट्ट्याऐवजी थोडा जास्त सरकला की नकाशावर एक खोटी लाट येते, पट्ट्यांच्या दुप्पट दाटीची. आणि संगणक ती लाट इतक्या सुंदर रंगांत दाखवतो की बघणाऱ्याला वाटतं, वा, काय बारकावा पकडलाय!

चौथी पायरी कॅमेऱ्याची. विकृती म्हणजे सरकणं भागिले लांबी. सरकणं लहरीवरून आलं असेल, पण लांबी आली पिक्सेलवरून. एक पिक्सेल म्हणजे किती मिलिमीटर, हे भिंगाचा फोकस बदलला की बदलतं. ती पट्टी निसर्गाने दिली का? नाही. ती तुम्ही मागच्या दिवाळीत एकदा फूटपट्टी ठेवून काढली होती.

आणि पाचवी पायरी म्हणजे आपली वसई. शेजारच्या गाळ्यात पॉवर प्रेस. हायवेवरून कंटेनर. मे महिन्यात पत्र्याचं छप्पर तापतं. २०० मिलिमीटर लांबीची ॲल्युमिनियमची पट्टी एका अंशाने तापली तर साडेचार मायक्रॉनहून जास्त वाढते, म्हणजे त्याच ४५ अंशाच्या मांडणीत दहा पट्टे. भार शून्य, पट्टे दहा! टेबलावर गरम चहाचा ग्लास ठेवला तरी त्याच्या वरची हवा पट्टे नाचवते. (आमच्याकडे चहा टेबलापासून दहा फुटांवर प्यायचा असा नियम आहे. माझ्या भाच्याला तो अत्याचार वाटतो.)

आता बोला. लहर अचूक आहे म्हणून आकडा अचूक, हे म्हणजे काटा शिक्क्याचा आहे म्हणून मासळी ताजी, असं म्हणण्यासारखं झालं.

मग करायचं काय? इथे मी नुसती तक्रार करून थांबणार नाही, कारण उपाय आहे आणि तो महागही नाही. ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असं गणित यंत्राला घालायचं. बस.

आमच्याकडे आम्ही एक साधी पोलादी पट्टी वापरतो, एका टोकाला घट्ट धरलेली, दुसरं टोक मोकळं. बांधकामवाल्यांच्या भाषेत कँटिलिव्हर, आपल्या भाषेत सज्जा. मोकळं टोक ठरावीक अंतर ढकलायचं. टोक किती सरकवलं हे आपल्याला माहीत असेल तर मधल्या प्रत्येक बिंदूने किती सरकायला हवं हे गणिताने आधीच सांगता येतं, आणि त्यासाठी पोलाद किती कडक आहे हेही माहीत लागत नाही. टोक १६ भाग सरकलं तर बरोबर मध्य ५ भाग सरकतो. टोक ५ मायक्रॉन ढकललं तर टोकाशी १५.८, म्हणजे जवळजवळ १६ पट्टे दिसायला हवेत, आणि मध्यावर जवळजवळ ५. काय योगायोग आहे बघा, आकडे लक्षात ठेवायलाही सोपे!

यात दोन वेगळ्या परीक्षा आहेत. १६ ला ५ हे प्रमाण जमलं, तर चित्राच्या वेगवेगळ्या भागांत यंत्र सारखंच मोजतंय. आणि टोकाचे पट्टे मोजून खरोखर ५ मायक्रॉन आले, तर आकड्याची किंमतही बरोबर आहे. पहिली परीक्षा पास आणि दुसरी नापास असंही होतं. सगळीकडे सारखंच चुकणारं यंत्र दिसायला फार गोंडस असतं.

आता कुणी चाणाक्ष वाचक विचारेल, की ५ मायक्रॉन ढकलल्याचं तुम्हाला कळलं कसं? एकदम बरोबर प्रश्न! साध्या मायक्रोमीटरवरचा एक भाग १० मायक्रॉनचा असतो, त्याने हे होणार नाही. टोकाशी एक इलेक्ट्रॉनिक प्रोब लावायचा. आणि तो प्रोब तपासायचा स्लिप गेजवर. स्लिप गेजच्या पेटीत १.००० मिलिमीटरचा एक ठोकळा असतो आणि १.००५ चा एक. दोघांतला फरक ५ मायक्रॉन. एक काढा, दुसरा ठेवा, प्रोबने ५ दाखवायला हवं. आणि ते ठोकळे? ते मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून तपासून आलेले, त्या प्रयोगशाळेचे ठोकळे तिच्याहून वरच्या प्रयोगशाळेतून, आणि साखळी शेवटी पोचते दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत. वालीवच्या गाळ्यातला पट्टा असा दिल्लीपर्यंत हात धरून चालत जातो. मला यात खरंच काहीतरी सुंदर वाटतं. असो.

याशिवाय तीन लहान कामं. एक, भार न देताच दोन फोटो घ्यायचे. उत्तर शून्य यायला हवं. येत नाही, कधीच येत नाही. जे येतं तो तुमच्या जागेचा गोंगाट, आणि त्याहून लहान आकडा रिपोर्टमध्ये लिहायचा नाही. दोन, तुकडा काढून पुन्हा बसवायचा आणि तेच माप पुन्हा घ्यायचं. तीन, आरसा, भिंग, अंतर यातलं काहीही बदललं तर सगळं पुन्हा. युरोपात २००० नंतरच्या दशकात याच कामासाठी अनेक देशांच्या प्रयोगशाळांनी मिळून स्पॉट्स नावाचा प्रकल्प चालवला आणि चार बिंदूंवर वाकवायची एक संदर्भ-पट्टी तयार केली, म्हणजे वेगवेगळ्या प्रकाशीय पद्धती एकाच तुकड्यावर तपासून बघता याव्यात. इतक्या लोकांनी इतका खटाटोप केला तो काय लेझरला कॅलिब्रेशन लागत नाही म्हणून?

यावर मला नेहमी मिळणारी उत्तरं: ‘वेळ नाही’, ‘गिऱ्हाईक मागत नाही’, आणि सगळ्यांत लाडकं, ‘सर्टिफिकेट आहे ना!’ ते सर्टिफिकेट बघायला मागितलं की लेझर बनवणाऱ्या कंपनीचं निघतं. त्यात लहरीची लांबी आणि किरणाची ताकद. तुमच्या टेबलाबद्दल, आरशांबद्दल, पायझोबद्दल अवाक्षर नाही. आमच्या नाक्यावरच्या वाण्याचा काटा वजनमापे खात्याचा माणूस ठरावीक मुदतीने तपासून शिक्का मारून जातो. पाव किलो तूरडाळीसाठी देशात कायदा आहे, २००९ चा. आणि मायक्रॉनचा रिपोर्ट हजारो रुपयांना विकणाऱ्याला मात्र ‘विश्वास ठेवा, लेझर आहे’ एवढं पुरतं.

इथवर हा आमच्या धंद्यातला घरगुती वाद होता. चुकीच्या आकड्याने कुणाचा ब्रॅकेट नाकारला गेला, कुणाचं वेल्डिंग पास झालं, चालायचंच म्हणून सोडून दिलं असतं. पण आता तो विरारच्या जिन्यांवर चढलाय, म्हणून लिहायला बसलो.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये, गणेश चतुर्थीच्या आदल्या मध्यरात्री, विरार पूर्वेला विजयनगरात रमाबाई अपार्टमेंटचा एक भाग कोसळला. १७ माणसं गेली. इमारत अनधिकृत असल्याचं महापालिकेने सांगितलं. आपल्याकडे ३० वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिटची सक्ती आहे. ही तीस वर्षांची तर सोडाच, त्याच्या जवळपासही नव्हती. स्पष्ट सांगतो, तिथे लेझर लावला असता तर ती वाचली असती असं मी म्हणत नाही. त्या दुर्घटनेची कारणं मोजमापाच्या टेबलावर शोधायची नाहीत.

पण त्यानंतर काय झालं ते बघा. वसई-विरारमध्ये माणसं आपापल्या भिंतींकडे बघायला लागली. जिन्यातली जुनी भेग अचानक मोठी वाटायला लागली. आणि भीती जिथे असते तिथे विक्रेते येतात. ताईच्या सोसायटीत असेच एक सल्लागार आले. नाव घेत नाही, त्याची गरजही नाही. लॅपटॉपवर इंद्रधनुष्यासारखे नकाशे, आणि खाली ओळ: ‘भिंतीचं विरूपण ०.८७ मायक्रॉन. सुरक्षित.’ कमिटीतले ज्येष्ठ लोक मान डोलावत होते. मी पाहुणा म्हणून मागे बसलो होतो. कॅलिब्रेशन कशावर केलं एवढंच विचारलं. उत्तर तुम्हाला शीर्षकात वाचायला मिळालंच आहे.

त्या ०.८७ मायक्रॉनचा अर्थ काय? क्राँक्रीटच्या भारतीय मानकात, आयएस ४५६ मध्ये, सर्वसाधारण परिस्थितीत भेगेची मर्यादा ०.३ मिलिमीटर धरलेली आहे. ०.३ मिलिमीटर म्हणजे ३०० मायक्रॉन, म्हणजे साडेनऊशे पट्टे. त्याच्या कितीतरी आधी मिरमिरीची जुळणी तुटते आणि चित्रात नुसता कचरा उरतो. शिवाय त्यांनी मोजला होता प्लास्टरचा वीतभर तुकडा, तोही दहा मिनिटांपुरता. खांब प्लास्टरच्या आत आहे. त्यातलं लोखंड गंजतंय ते वर्षानुवर्षं. खाऱ्या वाऱ्याने आणि गळक्या टाकीने जे केलंय ते दहा मिनिटांच्या प्लास्टरला कसं दिसणार? सकाळचं ऊन भिंतीवर आलं की ०.८७ काय, त्याच्या अनेक पट हालचाल नुसत्या उन्हाने होते. आणि गोंगाट किती होता ते कुणी मोजलंच नव्हतं. म्हणजे ‘०.८७’ हा आकडा चुकीचा होता असंही म्हणता येत नाही. तो आकडाच नव्हता. दशांश चिन्ह लावलेली सजावट होती ती.

आणि पुढचा शब्द बघा. सुरक्षित! ज्या यंत्राला आपली चूक किती हे माहीत नाही, त्याने चाळीस कुटुंबांना सांगितलं की झोपा निवांत.

भाचा म्हणाला, ‘मामा, तू उगाच तापतोस. त्यांनी निदान काहीतरी मोजलं तरी. बाकीचे तर तेही करत नाहीत.’ हे मला अजिबात मान्य नाही, आणि माझं खरं भांडण इथेच आहे. न मोजलेल्या भिंतीची माणसाला भीती वाटत राहते. तो लक्ष ठेवतो, कुणाला तरी विचारतो. खोट्या आकड्याने ती भीतीच काढून घेतली जाते. न मोजणं त्यापेक्षा बरं.

जुने गवंडी भेगेवर काचेची पट्टी आडवी चिकटवायचे आणि त्यावर तारीख लिहायचे. भेग हलली तर काच तडकते. खर्च जवळपास शून्य. ती काच ‘०.८७’ म्हणत नाही. ती म्हणते ‘हललं’ किंवा ‘अजून नाही’. तिला जेवढं कळतं तेवढंच बोलते. त्याच्या पुढच्या प्रश्नांना रिबाउंड हॅमर आहे, अल्ट्रासॉनिक तपासणी आहे, क्राँक्रीटचा कोअर काढून दाबून बघणं आहे. आणि तो हॅमरसुद्धा पोलादी ऐरणीवर मारून तपासायचा असतो. तेव्हा तुमच्याकडे कुणी हॅमर घेऊन आला तर ‘ऐरणीवर किती आलं?’ हे विचारा. चांगला इंजिनिअर आनंदाने सांगेल.

स्पेकलची जागा कुठे आहे? कितीतरी ठिकाणी. विमानाच्या टायरमधले सुटलेले थर शोधायला, वेल्डिंगजवळचे उरलेले ताण बारीक भोक पाडून मोजायला, इलेक्ट्रॉनिक पाटी तापल्यावर कशी वाकते ते बघायला. जुन्या भित्तिचित्रांत रंगाचा थर भिंतीपासून कुठे सुटलाय हेही यातून कळतं. उद्या कुणी वसईच्या किल्ल्यातल्या एखाद्या गिलाव्याच्या तुकड्यासाठी हे करायचं ठरवलं तर मी माझं टेबल उचलून फुकट नेईन. पण सज्जाची पट्टी आधी, किल्ला नंतर.

म्हणून माझी मागणी सरळ आहे. स्पेकलचा रिपोर्ट घेणाऱ्याने, मग तो कारखानदार असो की सोसायटीचा सेक्रेटरी, पैसे देण्याआधी चार गोष्टी लेखी मागाव्यात. माहीत असलेल्या कोणत्या सरकण्यावर हे यंत्र तपासलं आणि किती तारखेला? भार नसताना शून्याऐवजी किती आलं? तपासल्यानंतर मांडणीत काय बदललं? आणि आकड्यापुढे अधिक-उणे किती? चौथ्याचं उत्तर नसेल तर तो रिपोर्ट नव्हे, ती जाहिरात आहे. आणि आमच्या धंद्यातल्या मंडळींना एवढंच सांगणं, की ही उत्तरं द्यायला अर्धा दिवस लागतो. मी घड्याळ लावून बघितलंय. ज्याला तो अर्धा दिवस परवडत नाही त्याने ‘सुरक्षित’ हा शब्द वापरू नये.

ताईच्या सोसायटीने तो रिपोर्ट बाजूला ठेवलाय आणि रीतसर ऑडिटसाठी तीन इंजिनिअरांकडून कोटेशनं मागवली आहेत. दरम्यान जिन्यातल्या भेगेवर दोन काचा लावल्यात, तारखेसकट. अजून तडकलेल्या नाहीत.

कुणाला सोळाला पाच हा हिशोब डोळ्यांनी बघायचा असेल तर एखाद्या रविवारी गाळ्यावर या. रविवारी पॉवर प्रेस बंद असतं, पट्टे शांत उभे राहतात. चहा मिळेल, पण दहा फुटांवर. आणि पंखा लावायला मिळणार नाही, आधीच सांगून ठेवतो :-)